अन्य व्यक्ती

राजिवडा, रत्नागिरी
५ ऑक्टोबर २०२३

घरमालक श्री. अक्रम गफूर होडेकर, कुवेत, यांस
सेवा पुरवठादार आसिया हाशिम मुकादम हिजकडून

महोदय,

करारातल्या कलम चारनुसार पूर्णगडच्या घराचा पहिला मासिक अहवाल सादर करते. कुलपं उघडली. सगळ्या खिडक्या उघडून हवा खेळू दिली. कोळिष्टकं काढली, लाद्या फिनेलने पुसल्या, नळ सोडून गंजाचं पाणी जाऊ दिलं. मधल्या खोलीच्या भिंतीला ओल आहे आणि कपाटामागे बुरशी धरली आहे. मागच्या दाराची कडी खाऱ्या हवेने खाल्ली आहे, ती बदलावी लागेल.

आता महोदय पुरे. ज्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन मी जेटीवर बोटी दाखवल्या, त्याला अहो-जाहो करताना माझंच मला हसू येतं. विनीत वकिलांना मी सांगून टाकलं की कराराची भाषा तुमची, अहवालाची माझी. ते म्हणाले, "चालेल आपा, सफाईचा उल्लेख तेवढा असू द्या." हे कागद ते स्कॅन करून तुला मेल करणार आहेत. म्हणजे वकीलसाहेब, तुम्हीही हे वाचत असणार. वाचा, आमच्या घरात लपवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

बां गेले, त्यांच्या चाळिसाव्या दिवशी मी चार लोकांत माझा हिस्सा मागितला. तू म्हणालास, घर माझ्या कुवेतच्या कमाईने बांधलंय. मी म्हटलं, जमीन तर बांची आहे. त्यावर आपण दोघं मरेपर्यंत भांडू शकतो, आज ते नको. तू माझा नंबर ब्लॉक केलास आणि मला घरात पाय ठेवायची बंदी केलीस. मग मा उठली. "जिते माज्या पोरीला येवाची बंदी, तिते मी कशाला रावू," म्हणाली आणि एक पिशवी घेऊन माझ्याबरोबर इथे दोन खोल्यांत आली. चार दिवसांत राग उतरेल असं तुलाही वाटलं असेल, मलाही वाटलं होतं. तू रागाने कुलूप लावून गेलास.

घराला बुरशी चढायला लागली तेव्हा तू रत्नागिरीतल्या एका सफाईवाल्या कंपनीला काम द्यायला निघालास. ते ऐकून मा हाय खाऊन बसली. परक्या माणसांनी तिच्या घरातला केर काढायचा, हे तिला सोसेना. म्हणून मी वकिलांकडे निरोप दिला की मीच झाडते. त्यावर तू लेखी करार पाठवलास. आपा एकदा आत शिरली की निघायची नाही, ही भीती तुझी की तुझ्या मेव्हण्याची, ते मला माहीत नाही. कलम नऊ म्हणतं, सेवा पुरवठादाराला मिळकतीत कसलाही हक्क राहणार नाही. कलम सहा म्हणतं, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय अन्य कोणत्याही व्यक्तीस घरात प्रवेश देऊ नये. मी प्रत्येक पानावर सही केली. वकिलांनी चहा मागवला, तो मी घेतला नाही.

एक सांगते. या करारातला शब्द न् शब्द मी पाळणार आहे. बांनी उभ्या आयुष्यात कागद केला नाही, पण दिलेली जबान मोडलीही नाही. त्यांच्या मुलीने सही करून मोडली, असं तुमच्या जेवणाच्या टेबलावर बोललं जायला नको.

आसिया

—

४ डिसेंबर २०२३

अक्रम,

महिन्यातल्या दोन्ही वेळची सफाई झाली. मागच्या दाराची कडी बदलली, पावती जोडली आहे. अंगणात खराटा फिरवला. फणसाचा पाला एवढा पडतो की झाडून मागे वळावं तर पुन्हा तेवढाच.

मी घरी जाते म्हटल्यावर आता मा बरोबर निघते. तिला कसं अडवू? पहिल्यांदा मी चोरून निघाले होते, तर ही बाई बुरखा घालून एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली होती. शेजाऱ्यांनी परत आणली. तेव्हापासून नेते. पावसकडे गाडी वळली की ही खिडकीशी सरकते आणि पूर्णगडची खाडी दिसली की बुरखा सारखा करून उतरायला तयार होते.

पण घरात नेत नाही. नेता येत नाही. तिला पडवीबाहेरच्या पायरीवर चटई टाकून बसवते, पाण्याची बाटली देते आणि मी आत जाऊन केर काढते. ती विचारते, "आसिया, मी येव काय आत?" मी म्हणते, "मा, लादी ओली आहे, घसरशील." ती म्हणते, "बरा, सुकू दे." मी बाहेर येते, कुलूप लावते आणि सांगते की गाडीची वेळ झाली. ती उठते. मुकाट्याने उठते, हेच मला सहन होत नाही. आयुष्यात ही बाई कुणाचं ऐकून उठली नव्हती.

तिला विसरायला होतंय, अक्रम. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, वाढत जाईल. तिला आपलं भांडण आठवत नाही. आपण रागाने घर सोडून आलो हेही आठवत नाही. मी तिला काही दिवसांसाठी पाहुणी म्हणून आणलंय असं तिला वाटतं, आणि पाहुणचार पुरे झाला म्हणते. "मना घरी जायाचाय," हे सकाळी उठल्यापासून सुरू होतं. मा भांडण विसरली आणि आपण दोघांनी ते जपून ठेवलंय.

तेव्हा कलम सहाप्रमाणे मी रीतसर अर्ज करते. अन्य व्यक्ती म्हणजे तुझी आई. सफाईच्या दिवशी तिला घरात बसू द्यावं. एक ओळ लिहून पाठव. इंग्रजीत लिही, उर्दूत लिही, कशातही लिही.

आसिया

—

६ जानेवारी २०२४

अक्रम,

सफाई झाली. गाद्या उन्हात घातल्या. वाळवीचं औषध मारलं. मधल्या खोलीची ओल थंडीत थोडी कमी झाली आहे.

एका ओळीचं उत्तर आलं नाही. वकील म्हणतात, मेल गेलाय. तुझ्याकडे मेल जातो आणि तिकडेच राहतो, तुझ्यासारखाच.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर तू माच्या फोनवर फोन करतोस तेव्हा मी शेजारीच बसलेली असते. स्पीकरवर तुझा आवाज ऐकते. आवाज भरलाय तुझा, सर्दी आहे की काय. मी फोन मागून घेत नाही. तूही "आपाला दे" म्हणत नाहीस. मा मध्ये बसून आपल्या दोघांना आळीपाळीने बघावं तशी एकदा फोनकडे आणि एकदा माझ्याकडे बघते.

मागच्या शुक्रवारी तू विचारलंस, "मा, आज काय केलंस?" ती म्हणाली, "घरी जावन आले. घर झाडून घेतला. तुजी खोली पन." सगळं मीच झाडलं होतं आणि नाव हिचं. मला हसू आलं. तिला खोटं पाडून काय मिळवायचं होतं? तू "बरा केलंस" म्हणालास आणि तिचा चेहरा असा फुलला की दिवसभर तिने घरी जायचं नाव काढलं नाही. तिच्या मनाने ती जाऊन आली होती.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अर्जाचा विचार कर.

आसिया

—

७ मार्च २०२४

अक्रम,

रमजान तोंडावर आला म्हणून या खेपेला मोठी सफाई काढली. माळा उतरवला, भांडी घासून पालथी घातली, पंखे उतरवून पुसले, पडदे धुतले. करारात एवढं नाही. पण रमजानच्या आधी घर धुतलं नाही तर मी कसली या घरची मुलगी? ही कराराबाहेरची सेवा समज. तिच्याबद्दल काही मागत नाही.

मा पायरीवर बसून हुकूम सोडत होती. "कोपरे बग गो. दरवाज्याच्या मागं बग." उघड्या खिडकीतून तिला पडदे नसलेली खोली दिसत होती, तर म्हणाली, "घर कुनी लुटलान काय?" मी म्हटलं, "धुवायला काढलेत." मग धुतलेले पडदे मी पायरीवर आणून तिच्या मांडीवर दिले. ती एकेक कडी ओवत बसली. हात अजून चालतात तिचे.

शेजारची हौसा कुंपणाशी आली. तुला आठवते ना, बांच्या बोटीवर तिचा नवरा होता. बराच वेळ बघत होती. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "आसिया, म्हातारीला भाईर कशाला बसवतंस? आत ने गो. कोन बगतंय हितं?"

मी म्हटलं, "करार आहे."

"कसला करार? घर तिचा हाय."

"घर अक्रमचं आहे. मी सही केली आहे."

"मग मी सांगू काय कुनाला? माजा त्वांड बंद हाय."

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, तुझ्या तोंडाचा प्रश्नच नाही, माझ्या जबानीचा आहे. बिचारीने घरातून माला पेज आणून दिली. मला परत जाताना गाडीत वाईट वाटलं. पण तुला एक विचारते. तू कलम सहा घातलंस ते मी मोडेन या खात्रीनेच ना? मी मोडावं आणि तू म्हणावंस, बघा, मी सांगत नव्हतो? ते सुख मी तुला देणार नाही. माझ्याकडून चोरीची अपेक्षा करणाऱ्या भावाला मी लेखी परवानगीच द्यायला लावीन.

एक ओळ, अक्रम. रोजे सुरू होतील, मन मऊ होतं म्हणतात. वाट बघते.

आसिया

—

१६ एप्रिल २०२४

अक्रम,

सफाई झाली.

ईदच्या दिवशी मा पहाटेच उठून नवे कपडे घालून तयार बसली. आपल्या घरी लोक ईद मिळायला येणार, शिरखुर्मा लागेल, अक्रम नमाजहून येईल. मी सांगितलं, आज सफाईचा दिवस नाही. ती म्हणाली, "ईदीला घरी जावाक दिवस लागतो?"

रिक्षा करून नेलं. करारात सफाईचे दिवस ठरलेले आहेत, म्हणून कुलूप उघडलं नाही. डब्यातून शिरखुर्मा नेला होता तो दोघींनी पायरीवर बसून खाल्ला. गावातली चार पोरं आली, त्यांना तिने पायरीवरूनच ईदी दिली. सगळ्यांना सांगत होती, आत लादी पुसलेली आहे, म्हणून बाहेर बसलोय. माझी थाप आता ती माझ्यासाठी सांगते.

विनीत वकिलांनी तुला फोन करून परवानगीचं विचारलं म्हणे. तू "बघतो" म्हणालास. काय बघतोस? बघायचं आहे ते इथे आहे.

आसिया

—

२ जुलै २०२४

अक्रम,

हा अहवाल उशिरा देते आहे. जूनमध्ये दोनदा सफाई केली. मधल्या खोलीची ओल पुन्हा वर चढली आहे. बुरशी पुसते, आठवड्यात परत येते.

माला आता चालवत नाही. रिक्षातून उतरवून धरून पायरीपर्यंत न्यावं लागतं. पावसात नको म्हणून मी तिला शेजारणीकडे ठेवून निघाले तर जेवण टाकून बसली. म्हणून नेलं. पागोळ्या पायरीवर येतात, म्हणून तिला दाराला लागून भिंतीशी बसवलं आणि अंगावर प्लास्टिक दिलं.

मी मधल्या खोलीत भिंत पुसत होते. मागे काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. बघते तर ही उठलेली. कशी उठली ते अल्लाला ठाऊक. दाराची चौकट एका हाताने धरलेली आणि एक पाय उंबरठ्याच्या आत. माझ्याकडे बघून हसली. "सुकली गो आता," म्हणाली.

मी धावले आणि तिचं मनगट धरलं. पडेल म्हणून धरलं, असं मी तुला लिहू शकते. पण पडेल म्हणून नव्हतं धरलं. मी तिला बाहेर घेतलं. जोर लावून घेतलं, अक्रम. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू कोन गो? माज्या घरात काय करतंस?"

मी मनगट सोडलं. तिला बसवलं, प्लास्टिक नीट केलं, आत जाऊन भिंत पुरी पुसली. घरी आल्यावर तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ दिसले. तिला ते कसले आहेत ते आठवत नव्हतं. मी तेल लावून दिलं.

मी हट्टी आहे हे मला कळतं. तू माझ्याहून हट्टी आहेस. दोघांपैकी कुणीतरी हरायला पाहिजे आणि आपल्याला बांनी हरायला शिकवलं नाही. मी हात जोडते. मी हिस्सा मागणार नाही, कुठे लिहून द्यायचं ते सांग. फक्त एक दिवस तिला तिच्या पलंगावर बसू दे. लेखी दे. मी तुझा कागद मोडणार नाही म्हणजे नाही, आणि आता तिला पुन्हा मनगटाला धरून बाहेरही काढणार नाही.

तुझी आपा

—

८ ऑगस्ट २०२४

अक्रम,

तू कुवेतला परत गेल्यापासून रोज लिहायला बसते आणि उठते. हे वकिलांकडे देणार नाही. पोस्टाने तुझ्या पत्त्यावर धाडते, तुझ्याशिवाय कुणी वाचू नये.

मा त्या दिवशी सकाळी गेली. चहाचा कप हातात होता. मी तिच्याच फोनवरून तुला फोन लावला. दोन वर्षांहून जास्त काळाने आपण बोललो आणि बोलायला हेच होतं. तू रडलास. मग म्हणालास, "आपा, माला घरी घेवन जा. मी येतंय." कलम सहाला लेखी परवानगी लागते. तू तोंडी दिलीस. मी लेखी मागितली नाही, रुग्णवाहिका बोलावली.

दार उघडलं तेव्हा लादी मी चार दिवसांपूर्वीच पुसलेली होती. चार माणसांनी माला आत आणलं आणि तिच्या पलंगावर ठेवलं. हौसाने अंगणातून बघितलं आणि तोंडाला पदर लावून मागे फिरली. ती रात्र मा आपल्या घरात राहिली. मी जवळ बसले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही बायकांनी तिला तिच्याच मोरीत शेवटचं गुसल दिलं. मनगटावरचे वळ कधीच गेले होते, तरी मी ते मनगट पुन्हा पुन्हा धुतलं. तू दुपारी पोचलास, खांदा दिलास, बांच्या शेजारी तिला जागा मिळाली.

मग तिसऱ्या दिवसाच्या जियारतीनंतर, तू निघायच्या दिवशी, आपण पडवीत बसलो होतो. लोक पांगले होते. तू सहज बोललास. मला दिलासा द्यायला बोललास, हे मला माहीत आहे.

"एक बरा झाला आपा. शेवटाला मा हितं येत होती. आपल्या घरात वावरली."

मी म्हटलं, "कोण वावरली?"

"दर शुक्रवारी सांगायची ना मना. आज घरी जावन आले, घर झाडून घेतला. मना ठावं होता तू तिला नेतंस. मी मुद्दाम काय बोललो नाय. म्हटला, ती नेतंय तर नेऊ दे. कागद कागदाच्या जागी."

मी अहवालांचं विचारलं. तू खाली बघितलंस. एकही उघडला नव्हतास. मेलवर माझं नाव दिसलं की वाटायचं, हिस्सा काढला असेल, शिव्या असतील, म्हणून तसेच राहू द्यायचास. वकिलांनी परवानगीचं विचारलं तेव्हा मेव्हणा म्हणाला, लेखी देऊ नको, उद्या कोर्टात दाखवतील. तुला वाटलं, आपा नेतेच आहे, मग लिहून कशाला द्यायचं? गप्प राहिलास. तुझ्या मते ती गप्पच परवानगी होती.

मग मी तुला पायरी सांगितली. चटई, प्लास्टिक, ईदचा डबा, सगळं. सांगताना मला वाटलं होतं की तू माझ्या पाया पडशील, म्हणशील की आपा, तू जबान पाळलीस. इतके महिने मी या एका क्षणासाठी तुझा कागद जपला होता. तू ऐकत राहिलास. मग अगदी हळू म्हणालास, "आपा, किल्ली तर तुज्या हातात होती."

तू रागाने म्हणाला असतास तर मी भांडले असते. मी तिला आत का नेलं नाही, हे तुला खरोखर कळत नव्हतं. मलाही आता कळत नाही. कागद कागदाच्या जागी ठेवायचा असतो, हे हौसाला कळलं होतं, तुला कळलं होतं, ज्यांनी करार लिहिला त्या वकिलांनाही कळलं असणार. या किनाऱ्यावर बंद घरांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या कितीतरी बायका आहेत. दुपारी त्या पंखा लावून आत झोपतात, पोरांना अभ्यासाला बसवतात, पाहुणे उतरवतात. मालकांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मी मात्र सोन्यासारखी आई बाहेर बसवून तुझी लादी पुसली. तू मला चोर समजतोस असं धरून बसले, आणि तू तर मला या घरची मुलगी समजत होतास.

तू मोटारीत बसताना मला जवळ घेतलंस. मी मोटारीचं दार लावून दिलं. तुझ्यावर राग नाही. असता तर बरं होतं, त्याच्यावर आणखी काही वर्षं काढली असती.

आपा

—

१० सप्टेंबर २०२४

अक्रम,

अकरा महिन्यांचा करार संपला. शेवटचा अहवाल देते. घर स्वच्छ आहे. गाद्या गुंडाळून ठेवल्या आहेत, माचा पलंग पुसून भिंतीपासून लांब घेतला आहे, म्हणजे ओल लागणार नाही. मधल्या खोलीला बाहेरून प्लास्टर करून घे, नुसतं पुसून ते थांबायचं नाही.

विनीत वकिलांनी काल बोलावून नवा करार पुढे ठेवला. सेवा पुरवठादार हा शब्द काढून तिथे मालकाची बहीण असं घातलंय. मोबदला वाढवलास, त्याची गरज नव्हती. हिश्श्याचं नंतर बसून बोलू असं तू त्यांना सांगितलंस म्हणे. ठीक आहे, बोलू. तू पत्र वाचलंस, फोन केलास, मी उचलला नाही. उचलेन. थोडा वेळ दे.

वकिलांनी पान उलटून मला दाखवलं आणि खूश होऊन म्हणाले, "आपा, सहावं कलम साहेबांनी पूर्ण काढायला लावलंय. आता तुम्ही कुणालाही बरोबर नेऊ शकता, कुणाला विचारायचं काम नाही." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी ते बराच वेळ धरून बसले. त्यांना वाटलं मी वाचतेय, म्हणून त्यांनी चहा मागवला आणि या वेळी मी तो घेतला.

सही केली नाही. किल्ली त्यांच्याकडे ठेवली आहे. ज्या कंपनीला तू आधी काम देणार होतास, तिलाच दे. त्यांच्या बायका चांगलं काम करतात असं ऐकते, आणि परक्यांनी केर काढला म्हणून हाय खाणारं आता कुणी नाही.

तुझ्यावर रुसून हे करत नाही, एवढं लक्षात घे. तू कलम काढलंस ते माझ्यासाठी, मला समजलं. आता तुझ्या घरात मी कुणालाही नेऊ शकते, अक्रम. नेण्यासारखं माझ्याकडे एकच माणूस होतं.

तुझी आपा